पावसाळी बंदीत नौकेच्या इंजिनाची निगा

कोकण किनारपट्टीवर भातशेती, आंबा, नारळ यांच्या जोडीला मासेमारी हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांत आज बहुतेक नौका आतल्या बाजूस बसविलेल्या डिझेल इंजिनावर चालतात. नौकेच्या एकूण भांडवलात जाळ्यांच्या खालोखाल किंवा त्यांच्या बरोबरीने पैसा गुंतलेला असतो तो या इंजिनात. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. नेमक्या तारखा त्या वर्षीच्या शासकीय आदेशात पाहाव्यात. माशांच्या विणीचा हा काळ. समुद्रही खवळलेला असतो, म्हणून नौका खाडीत किंवा किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात.

नौका शाकारण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लाकडाची, जाळ्यांची, दोरांची काळजी कशी घ्यावी हे घरातल्या लहानांनाही ठाऊक असते. इंजिन मात्र बहुतेक ठिकाणी आहे त्या स्थितीत, पोटात खारे पाणी आणि काळे पडलेले तेल घेऊन, दोन महिने उभे राहते. नारळी पौर्णिमा जवळ आली की मग धावपळ सुरू होते. इंजिन फिरत नाही, फिरले तर धूर टाकते, पाणी फेकत नाही. त्याच वेळी सर्वांनाच मिस्त्री हवा असतो. हंगामाचे पहिले आठवडे, ज्यांत चांगली मासळी आणि चांगला भाव मिळण्याची आशा असते, ते दुरुस्तीत जातात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ऑगस्टच्या उधाणात खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडले, तर नौका आणि खलाशी दोघांच्याही जिवावर बेतते.

हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नौकेचे इंजिन चालून जितके झिजते, त्याहून अधिक ते नुसते उभे राहून खराब होते. म्हणून त्याची खरी निगा ऑगस्टमध्ये सुरू करताना नव्हे, तर मे अखेरीस ते बंद करतानाच घ्यावयाची असते.

थंड देशांतील पद्धत आणि आपण

युरोपच्या उत्तरेकडील देशांत आणि कॅनडासारख्या ठिकाणी हिवाळ्यात तळी, खाड्या गोठतात. गोडे पाणी ० अंश सेल्सियसला गोठते, समुद्राचे पाणी उणे २ अंशांच्या जरा अलीकडे गोठते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहिले आणि ते गोठले, तर ब्लॉक तडकतो. म्हणून तिकडचे नौकामालक थंडीपूर्वी इंजिनातील समुद्राचे पाणी काढतात, न गोठणारे द्रावण भरतात, तेल बदलतात आणि इंजिन झाकून ठेवतात. या कामास तिकडे ‘विंटरायझिंग’ म्हणतात. आपल्याकडील अनेक इंजिनांच्या माहितीपुस्तिकेतही हिवाळी साठवणीचे प्रकरण असते. कोकणात बर्फ पडत नाही, म्हणून ते पान आपण उलटून टाकतो.

खरे पाहता ते प्रकरण आपल्यालाही लागू आहे, फक्त ‘हिवाळा’ या शब्दाच्या जागी ‘पावसाळा’ असे वाचावे. बर्फाने ब्लॉक एका रात्रीत तडकतो, तर खाऱ्या गंजाने तो चार-पाच हंगामांत सडतो. तडा लगेच दिसतो, गंज मात्र दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडे हे नुकसान कोणी हिशेबात धरत नाही, इतकाच फरक.

इंजिन उभे राहून का बिघडते?

याची तीन कारणे आहेत : खारे पाणी, जुने तेल आणि दमट हवा.

खारे पाणी : समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ब्लॉक, मॅनिफोल्ड आणि नळ्या मिळून १० लिटर पाणी आत राहिले, तर सुमारे ३५० ग्रॅम क्षार आपण इंजिनात ठेवून आलो असे होते. हे पाणी हळूहळू सुकले की क्षारांचे थर आतल्या बाजूस घट्ट बसतात आणि पाण्याच्या वाटा अरुंद होतात. पुढील हंगामात इंजिन तापते ते यामुळेच. शिवाय क्षारातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर फोडते, आणि गंज एकाच ठिकाणी खोल शिरतो.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील ओल ओढून घेते. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशियम क्लोराइडही असल्याने ते त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. कोकणात जून-जुलैत हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. म्हणजे इंजिनावर मिठाचा थर राहिला तर त्यावर पावसाचा थेंबही पडण्याची गरज नाही, तो भाग दोन महिने ओलाच राहणार.

जुने तेल : चाललेल्या तेलात काजळी, धातूचे बारीक कण, पाण्याचा अंश आणि जळणातून आलेली आम्ले साठलेली असतात. एप्रिल २०२० पासून देशभर अतिशय कमी गंधकाचे डिझेल मिळू लागल्याने गंधकाचे आम्ल पूर्वीइतके होत नाही. तरीही तेल जुने होताना स्वतःच आम्लधर्मी होते. इंजिन उभे असताना हे तेल बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे बसून राहते आणि तो भाग खाते.

दमट हवा : सायलेन्सर आणि हवेच्या फिल्टरच्या वाटेने ओली हवा सिलिंडरमध्ये जाते. एखादा व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा तेथे चिकटतात. सायलेन्सरचे तोंड उघडे राहिले तर पावसाचे पाणीच आत जाते. पाणी दाबले जात नाही. अशा सिलिंडरवर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

काम केव्हा करावे?

शेवटच्या फेरीहून नौका परत आली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, नौका पाण्यात असतानाच कामास सुरुवात करावी. इंजिन गरम असताना तेल पातळ होऊन घाणीसह बाहेर पडते, गार झाल्यावर घाण चेंबरच्या तळाशीच राहते. नौका ओढून शाकारल्यानंतर पाणी आणि जागा दोन्हींची अडचण होते व काम राहून जाते.

काम सुरू करण्यापूर्वी तांडेल आणि इंजिन ड्रायव्हर यांच्याशी बोलून हंगामातील तक्रारी वहीत लिहून घ्याव्यात. धुराचा रंग, तेलाचा दाब, कोठे गळती आहे, सुरू होण्यास त्रास होतो काय, हे त्यांना नेमके माहीत असते. दोन महिन्यांनी ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. दुरुस्ती काढावयाची असल्यास जूनमध्ये काढावी, त्या वेळी मिस्त्रीही मोकळा असतो.

साहित्य : २०० लिटरचे स्वच्छ पिंप, गोडे पाणी, इंजिनास योग्य त्या दर्जाचे नवे तेल, तेलाचा व डिझेलचा फिल्टर, ग्रीस, जाड तार, सुती चिंध्या, प्लास्टिक कागद, सुतळी आणि जुने तेल साठविण्यासाठी रिकामा डबा.

इंजिन बंद करण्याची पद्धत

१. गोड्या पाण्याने आतून धुणे : ज्या इंजिनात समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते, त्यांच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. इंजिन बंद करून नौकेच्या तळाशी असलेला, समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक बंद करावा. पंपाकडे जाणारा होज तेथून सोडवून गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवावा. इंजिन कमी गतीवर १० ते १५ मिनिटे चालवावे. पिंपातील पाणी संपत आले की भरत राहावे, कारण पंप कोरडा चालला तर रबरी इंपेलर काही वेळातच जळतो. इंजिन पुरते गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालविणे आवश्यक आहे, नाहीतर पाणी बाहेरच्या वाटेने निघून जाते आणि ब्लॉकमध्ये खारेच पाणी राहते. बाहेर पडणारे पाणी चाखून पाहण्याऐवजी त्याचा एक थेंब काचेवर सुकू द्यावा. पांढरा डाग राहिला तर आणखी धुवावे.

समुद्रकाठच्या अनेक विहिरींचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. असे पाणी या कामास वापरू नये. तसेच बंद इंजिनाच्या होजला विजेच्या पंपाचे पाणी दाबाने जोडू नये. ज्या नौकांत थंड करून झालेले पाणी धुराबरोबरच बाहेर पडते, तेथे ते सायलेन्सरमध्ये साठून उलट सिलिंडरमध्ये शिरू शकते.

ज्या इंजिनात आत गोडे पाणी फिरते आणि समुद्राचे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जाते, तेथे समुद्राच्या पाण्याची वाट वरीलप्रमाणेच धुवावी. आतील गोडे पाणी मात्र काढून रिकामे ठेवू नये. त्यात कूलंटचे मिश्रण असावे. समप्रमाणातील मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. त्या गुणाचा आपल्याला उपयोग नसला तरी कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये आपल्याला हवी आहेत. कूलंटची मुदत कंपनीने दिलेली असते, ती संपली असल्यास याच वेळी बदलावे. यातील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. उघड्या भांड्यात ठेवल्यास गुरे, कुत्री किंवा लहान मुले ते पिण्याचा धोका आहे.

२. तेल व फिल्टर बदलणे : इंजिन गरम असतानाच जुने तेल काढावे. चेंबरच्या खाली भांडे ठेवण्यास जागा नसल्यास हातपंपाने वरून ओढावे. तेल अंगावर पडून भाजणार नाही याची काळजी घ्यावी. फिल्टर बदलून नवे तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे आणि पिंपातील गोड्या पाण्यावर इंजिन पुन्हा ५ मिनिटे चालवावे, म्हणजे नवे तेल सर्व बेअरिंगपर्यंत पोहोचते. जुने तेल दुधी रंगाचे दिसल्यास त्यात पाणी जात आहे असे समजावे आणि गॅस्केट, ऑइल कूलर तपासून घ्यावेत. गिअरबॉक्सचे तेलही याच रीतीने पाहावे.

“पुढच्या हंगामाच्या आरंभी तेल बदलायचेच आहे, मग आता कशाला?” असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नवे तेल दोन महिने उभे राहून खराब होत नाही, जुने तेल मात्र दोन महिने उभे राहून इंजिन खराब करते. म्हणून वर्षातून एकदाच बदलणे परवडणार असेल तर ते बंद करताना बदलावे.

जुने तेल खाडीत किंवा रेतीत ओतू नये. थोडेसे तेलही पाण्यावर दूरवर पसरते, आणि पावसाळ्यात खाड्यांतच माशांची व कोळंबीची पिल्ले वाढत असतात. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे द्यावे.

३. डिझेलची टाकी : अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट. वरच्या मोकळ्या भागातील दमट हवा रात्री गार झाली की टाकीच्या भिंतीवर पाणी जमते व तळाशी उतरते. पाणी आणि डिझेल यांच्या मधल्या थरात सूक्ष्म जीव वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. तोच पुढे फिल्टर तुंबवितो. टाकी जवळजवळ पूर्ण भरावी, डिझेल प्रसरण पावण्यासाठी थोडी जागा सोडावी. चोरीची भीती असेल किंवा भरून ठेवणे परवडत नसेल, तर पूर्ण रिकामी करून पुसून तोंड बंद करावे. पाणी वेगळे करणाऱ्या वाटीतील पाणी काढावे आणि डिझेलचा फिल्टर बदलावा.

४. उरलेले पाणी काढणे : समुद्राच्या पाण्याच्या वाटेवरील सर्व ड्रेन कॉक उघडावेत. ब्लॉक, मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर, ऑइल कूलर आणि पंप या प्रत्येक ठिकाणी कॉक किंवा प्लग असतो. कॉक उघडूनही पाणी आले नाही, तर आत पाणी नाही असे समजू नये. बहुतेक वेळा भोक गंजाने बुजलेले असते. त्यात तार घालून मोकळे करावे. पंपाचे झाकण काढून रबरी इंपेलर बाहेर काढावा. तो आत राहिला तर दाबल्या गेलेल्या पाकळ्या दोन महिन्यांत तशाच वाकड्या होतात. पाकळ्यांच्या मुळाशी चीर दिसल्यास नवा घ्यावा. जुन्या इंपेलरची एखादी पाकळी तुटलेली असेल, तर तो तुकडा पुढच्या नळीत शोधून काढावा, नाहीतर तोच पाण्याची वाट अडवील.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी असते, तिला सर्वजण झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतील एक झिजतो. झिंक स्वतः झिजून तांब्याच्या नळ्या व लोखंड यांना वाचविते. ते निम्मे झिजले असल्यास बदलावे. पंख्याजवळील झिंकही नौका ओढल्यावर पाहावे आणि त्यावर रंग लावू नये. रंग लावल्यास त्याचा उपयोग संपतो.

५. सिलिंडरमध्ये तेल : हे काम माहितगार मिस्त्रीकडून करून घ्यावे. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, स्वच्छ इंजिन तेल टाकावे. स्टॉप लिव्हर ओढून ठेवून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवावे, म्हणजे तेल भिंतीवर पसरते. नंतर इंजेक्टर नव्या वॉशरसह बसवावेत. तेल प्रमाणाबाहेर टाकू नये. इंजेक्टर तपासणीस द्यावयाचे असल्यास हीच वेळ योग्य आहे, मात्र तोवर त्यांची भोके घट्ट बंद करावीत.

६. तोंडे बंद करणे : सायलेन्सरचे तोंड, हवेच्या फिल्टरची वाट आणि चेंबरचा श्वासनळा ही तिन्ही तोंडे तेल लावलेल्या चिंधीने व वरून प्लास्टिक कागदाने बांधावीत. प्रत्येक बुचाला लांब लाल चिंधी बांधावी. कोणती तोंडे बंद केली आणि कोणते कॉक उघडे ठेवले, याची यादी पुठ्ठ्यावर लिहून स्टार्टरच्या किल्लीजवळ टांगावी. दोन महिन्यांनी इंजिन सुरू करणारा माणूस दुसरा असू शकतो.

७. विजेचे भाग : बॅटरी काढून घरी न्यावी. प्रथम ऋण टोकाची व मग धन टोकाची तार सोडावी. टोके सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करावीत व पेट्रोलियम जेली लावावी. पेशींतील पाण्याची पातळी ऊर्ध्वपातित पाण्याने राखावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२५ ते १.२८ असते. ते १.२० च्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर पट्ट्यांवर पांढरा थर बसून बॅटरी कायमची कमजोर होते. चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो, जवळ बिडी-काडी नको. स्टार्टर व आल्टरनेटर यांवर पाण्याचा फवारा मारू नये. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून, सुकवून गंजरोधक तेलाचा हलका फवारा द्यावा.

८. बाहेरील भाग : संपूर्ण इंजिन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे, कारण बाहेरचे मीठही ओल धरते. रंग उडालेल्या जागा घासून रंगवाव्यात. पट्टा सैल करावा. गिअर व गव्हर्नरच्या दांड्यांना ग्रीस लावावे. स्टर्न ट्यूबमध्ये नवे ग्रीस येईपर्यंत ग्रीस भरावे. नौकेच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी काढून तळ कोरडा करावा, कारण तेथून निघणारी वाफ पुन्हा इंजिनावरच जमते.

९. झाकणे : इंजिनावर ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. आत कोंडलेली ओल बाहेर जाण्यास वाट हवी. वरून पाणी पडणार नाही पण बाजूने हवा खेळेल असे झाकावे. झापांनी शाकारलेल्या नौकेत दोन्ही टोकांना वाऱ्यासाठी जागा ठेवावी.

बंदीच्या काळातील काळजी

दर १५ दिवसांनी नौकेवर एक फेरी मारावी. तळाशी पाणी साचले असल्यास काढावे. स्टॉप लिव्हर ओढून, डिकम्प्रेशन लिव्हर असल्यास तो उचलून, इंजिन चालण्याच्या दिशेने हाताने दोन फेरे आणि वर पाव फेरा फिरवावे. पाव फेरा अधिक अशासाठी की पिस्टन प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबावेत. मोठे इंजिन पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून फिरविता येते. फिरविताना मध्येच एकदम अडल्यास जोर लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असण्याची शक्यता असते, मिस्त्रीस दाखवावे.

काही नौकामालक दर आठवड्यास पाच मिनिटे इंजिन सुरू करतात. हेतू चांगला असला तरी त्याचा तोटाच अधिक होतो. एवढ्या वेळात इंजिन पुरते गरम होत नाही. जळणातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन राहते व तेलात मिसळते. सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थरही धुतला जातो. बंद ठेवावयाचे इंजिन नीट बंद करावे आणि बंदच ठेवावे.

हंगामापूर्वी सुरू करताना

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुढील क्रमाने काम करावे.

• पुठ्ठ्यावरील यादी हातात घेऊन सर्व बुचे काढावीत व ड्रेन कॉक बंद करावेत.
• इंपेलर साबणाच्या पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून बसवावा. रबरास ग्रीस लावू नये. पाकळ्या पंपाच्या फिरण्याच्या दिशेनुसार वळवाव्यात.
• पट्टा ताणावा, होजचे क्लिप आवळावेत, भेगा पडलेले होज बदलावेत.
• तेलाची, कूलंटची व गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहावी.
• फिल्टर व पंपातील हवा काढून डिझेल भरावे.
• स्टॉप लिव्हर ओढून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवावे. सिलिंडरमधील जादा तेल बाहेर पडू द्यावे.
• नौका पाण्यात गेल्यावर समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडून मगच इंजिन सुरू करावे.

सुरू होताच काही सेकंदांत तेलाचा दाब दिसला पाहिजे. अर्ध्या मिनिटाच्या आत समुद्राचे पाणी बाहेर फेकले गेले पाहिजे. यांपैकी एकही न घडल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. सुरुवातीस निळसर धूर येईल, तो सिलिंडरमधील तेलाचा असतो व थोड्या वेळात थांबतो. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना पाण्याचे थोडे थेंब पडत राहणे योग्य आहे. अगदी कोरडे आवळल्यास शाफ्टला खाच पडते. झाकलेल्या नौकेत इंजिन चालविण्यापूर्वी झापे किंवा ताडपत्री काढावी, कारण धुरातील विषारी वायू बंद जागेत साठतो.

यानंतर खाडीच्या आतच किमान एक तास इंजिन भारावर चालवून पाहावे. तापमान, दाब, गळती, आवाज नोंदवून घ्यावेत. खाडीचे मुख ओलांडण्यापूर्वी ही चाचणी झालीच पाहिजे. तेथे उलटी लाट आणि वारा असताना दुरुस्तीस दुसरी संधी मिळत नाही.

शेतावरील डिझेल पंपासाठी

याच पद्धतीचा उपयोग शेतकरी बंधूंनाही होईल. पाण्याने थंड होणारा डिझेल पंप पावसाळ्यात चार महिने उभा राहतो. खाडीकाठच्या शेतांत तो उन्हाळ्यात मचूळ पाण्यावर चाललेला असतो. अशा इंजिनातून शेवटच्या दिवशी गोडे पाणी फिरवावे व नंतर ते पूर्ण काढून टाकावे. तेल गरम असतानाच बदलावे, डिझेलची टाकी भरून किंवा कोरडी करून ठेवावी. सायलेन्सरचे तोंड बांधावे, पट्टा उतरवावा आणि पंधरा दिवसांनी हँडल लावून फेरे द्यावेत. पंपाच्या फूट व्हॉल्व्हवरील गाळ काढून तो वर घ्यावा, म्हणजे पुरात वाहून जाणार नाही.

वरील सर्व काम दोन माणसांचे दीड ते दोन दिवसांचे आहे. त्याला लागणारे तेल, फिल्टर आणि ग्रीस हे तसेही वर्षातून एकदा आणावेच लागतात. ते ऑगस्टऐवजी मे महिन्यात आणावेत, एवढाच बदल नौकामालकांनी करावयाचा आहे.